रुळांवरून युरोप : स्टेशनबाहेरचा पहिला तास (अनुभव धागा)

गवती_चहा

उन्हाळी सुट्टीचे बेत घरोघरी सुरू झालेत, म्हणून हा धागा. युरोपच्या ग्रुप टूरचे वृत्तान्त आपल्याकडे उदंड आहेत. बस, महामार्गालगतचं हॉटेल, संध्याकाळी सातला भारतीय जेवण आणि 'फोटोसाठी वीस मिनिटं'. नावं ठेवायची नाहीत, माझे सासू-सासरे तसेच गेले आणि मजेत परत आले. पण मला ऐकायचंय ते रेल्वेने फिरलेल्यांचं. बस शहराच्या कडेकडेने शिरते, गाडी मात्र थेट पोटात नेऊन सोडते. तिथून चालत सुटलं की जे दिसतं आणि जे खायला मिळतं, ते बहुतेक वेळा गावकऱ्यांसाठीच असतं.

तर लिहा : स्टेशनाच्या दाराबाहेर पडल्यावर पहिल्या तासाभरात काय पाहिलंत, काय खाल्लंत? दिवसवार तक्ते आणि हॉटेलांची भाडी नकोत. शाकाहारी, मासेखाऊ, सर्वभक्षी सगळे या. विषयांतर चालेल, नेहमीप्रमाणे होणारच आहे.

सुरुवात माझ्यापासून. कोलोन. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर कॅथीड्रल, अगदी समोर. कळस बघायला मान पाठीला टेकवावी लागते. १२४८ मध्ये पाया घातला, मग काही शतकं काम ठप्प, आणि पुरं झालं १८८० मध्ये. उंची १५७ मीटर, त्या वेळची जगातली सगळ्यात उंच इमारत. दक्षिण मनोऱ्यावर जायला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा आधी सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका आणि चढाई जेवणाच्या आधी उरका.

खाल्लं ते राइबेकुखन : बटाटा किसून तळलेले कुरकुरीत चपटे वडे आणि सोबत सफरचंदाचा गोड लगदा. नवरा शेवटपर्यंत मीठ-मिरपूड शोधत होता. मला त्या लगद्यासकट आवडले. मिश्रणात बहुधा अंडं असतं, चालत नसेल तर विचारून घ्या. पिणाऱ्यांसाठी : इथली कोल्श बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते. ग्लास संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो. थांबायचं असेल तर तो पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. हे ठाऊक नसलेल्या माणसाची संध्याकाळ लांबत जाते.

नाना_पेठ

छान धागा. माझे वडील मध्य रेल्वेतून निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या सहलीत शहरं दुय्यम आणि गाड्या मुख्य. आई कॉफीची भोक्ती. दोघांची सोय एकाच ठिकाणी झाली : व्हिएन्ना.

आधी वडिलांचं. व्हिएन्नाहून ग्राट्सकडे जाताना ग्लॉग्निट्स आणि म्युर्त्सत्सुश्लागच्या मध्ये सेमरिंगचा घाट लागतो. कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरने बांधलेला हा ४१ किलोमीटरचा मार्ग १८५४ मध्ये खुला झाला. १४ बोगदे, १६ मोठे पूल, त्यातले काही दुमजली कमानींचे. १९९८ पासून जागतिक वारशात आहे. आपला बोरघाट १८६३ चा, म्हणजे जेमतेम नऊ वर्षांनी धाकटा, आणि दोन्हीकडे डायनामाइट नव्हतं, कारण त्याचा शोधच १८६७ चा. सगळं साध्या दारूवर आणि छिन्नी-हातोड्यावर. वडिलांची उमेद कर्जत-लोणावळ्याच्या चढावर मागून लागणाऱ्या बँकर इंजिनांमध्ये गेली. ते खिडकीला नाक लावून प्रत्येक वळणाला चढाचा अंदाज सांगत होते. शेजारची ऑस्ट्रियन बाई कौतुकाने ऐकत होती, मराठी! या घाटाखालून आता लांबलचक बोगदा खणतायत. तो सुरू झाला की जलद गाड्या खालून जातील, तेव्हा घाट बघायचा असेल तर लवकर जा.

आता आईचं. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात कॉफी चांदीसारख्या ट्रेमधून येते, सोबत पाण्याचा छोटा ग्लास, आणि त्या एका कपावर तुम्ही दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून आपटत नाही. 'मेलांज' मागवा, दुधाच्या फेसाची सौम्य कॉफी. साखर (हे आडनाव) टोर्टं या चॉकलेट केकचा लौकिक १८३२ पासूनचा. जर्दाळूच्या जॅमचा थर छान, पण केक स्वतः कोरडा, म्हणूनच शेजारी गोड न केलेल्या क्रीमचा ढीग देतात. आमच्या घरचा कौल काइझरश्मार्नला : जाडसर गोड पॅनकेक तव्यावरच फाडून, साखर भुरभुरून, आलुबुखारच्या आंबटगोड शिजवलेल्या फोडींबरोबर. एक थाळी तिघांत पुरते.

शाकाहाऱ्यांनो, एक सावधगिरी. व्हिएन्नातलं बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी दिसतं, पण त्यात बऱ्याचदा गोमांसाचा रस्सा घालतात. पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूपही तसंच. केझश्पेट्सलं मागवा : शेवयांच्या बुटक्या तुकड्यांसारखा ताजा पास्ता, चीज आणि वर तळलेला कांदा. (अंडं असतं.)

तिथून बुडापेस्ट गाडीने पावणेतीन तासांच्या आत. केलेटी स्टेशन १८८४ चं, दर्शनी भाग राजवाड्यासारखा. बाहेर पडताना युरो विसरा, इथे फोरिंट. स्टेशनातल्या चलन बदलणाऱ्यांकडे जाऊ नका, कार्ड सगळीकडे चालतं. भूमिगत रेल्वेची पिवळी १ नंबरची लाइन १८९६ ची आहे, लंडन सोडलं तर युरोपातली सगळ्यात जुनी. डबे इतके बुटके की वडिलांना हसू आवरेना. रस्त्याच्या जेमतेम खाली, दहा-पंधरा पायऱ्या उतरल्या की फलाट.

बुडापेस्टचं रस्त्यावरचं खाणं म्हणजे लांगोश. आंबवलेल्या पिठाचा मोठा चपटा गोळा तेलात तळायचा, वर लसणीचं पाणी, आंबट क्रीम आणि किसलेलं चीज. गरम असतानाच खायचा. मोठ्या मंडईच्या वरच्या मजल्यावर मिळतो, पण तिथे पर्यटकांचे भाव. मंडई मात्र बघाच, १८९७ ची, छतावर रंगीत कौलं, आत लाल मिरच्यांच्या माळा. दुपारी नोकरदार जेवतात अशा छोट्या खानावळींत 'फोझेलेक' मिळतं : मसूर, पालक, बटाटा किंवा भोपळा शिजवून पीठ आणि आंबट क्रीम लावून दाट केलेली भाजी. भाजी शाकाहारी, पण वर सॉसेजचं काप ठेवायची सवय असते, ते आधीच नको म्हणा. आईचं तिथे खरं जेवण झालं.

साडेतीन_शहाणा

नाना, घाटाचं वाचून मजा आली. मी जरा रुक्ष लिहितो, कारण मला विचारपूस याचीच होते.

पास घेतला की पैसे वाचतात हा भाबडा समज आहे. भारतात राहणाऱ्यांना युरेल मिळतो, युरोपात राहणाऱ्यांना इंटररेल. तुम्ही राहता कुठे यावर ठरतं, पासपोर्टच्या रंगावर नाही. जर्मनीत नोकरी करणारा आपला भाचा इंटररेल घेईल, पुण्याहून आलेली त्याची आई युरेल. दोघांची गाडी तीच.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स इथे पासवर बहुतेक गाड्यांत सरळ चढून बसता येतं. फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना मात्र पास असूनही सीटचं आरक्षण वेगळं आणि पैसे देऊन. फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या जागाही मोजक्या. त्यामुळे इटलीत फक्त मिलान-फ्लॉरेन्स-रोम करायचं असेल तर महिना-दोन महिने आधी सुटी तिकिटं काढा. अनेक शहरं, मनात येईल तेव्हा उठून जाणं, असा बेत असेल तर पास.

इटलीतल्या लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारल्याशिवाय चढायचं नाही. तिकीट खरं असलं तरी दंड होतो. फोनवरच्या तिकिटालाही चेक-इन असतं. स्पेनमध्ये लांब पल्ल्याच्या गाडीला सामान एक्स-रेमधून जातं, थोडं आधी पोहोचा. आणि युरोपियन युनियनचा नियम लक्षात ठेवा : गाडी ६० मिनिटं उशिरा पोहोचली तर भाड्याचा २५ टक्के, १२० मिनिटांवर ५० टक्के परतावा मागता येतो. काही अपवाद आहेत, पण अर्ज करायला काय जातं? आम्ही एकदा मागितला होता, मिळाला. कुणाची गाडी ते सांगत नाही.

खाण्याचं? मी पावात चीज घालून खातो आणि खुश असतो.

उंबरठा

शहाणे, तुमच्या शेवटच्या ओळीवर आम्ही तिघी मावसबहिणी हसलो. आम्ही तिघी शाकाहारी, एक तर कांदा-लसणीच्या बाबतीतही कडक, आणि तरी आम्ही फक्त खायला गेलो होतो.

आमचा मार्ग फ्रान्सच्या नीसपासून समुद्रकाठाने जेनोआ आणि पुढे चिंक्वे तेर्रेपर्यंत. नीसहून पूर्वेला जाताना उजवी खिडकी धरा. समुद्र इतका लगटून असतो की बोगद्यातून बाहेर आलं की डोळे दिपतात. मोनॅकोचं स्टेशन अख्खं डोंगराच्या पोटात आहे. पुढे लिंबांसाठी प्रसिद्ध मांतों, आणि मग व्हेंतिमिल्या, इटलीतलं पहिलं स्टेशन. इथे गाडी बदलायची.

आता मुद्द्याचं. नीसमध्ये जिला सोका म्हणतात तीच जेनोआत फारिनाता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. अंडं नाही, दूध नाही, कांदा नाही, लसूण नाही. पातळ मिश्रण काही तास ठेवतात, मग भल्या मोठ्या तांब्याच्या पराती तेलाने माखून त्यात ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वर करपट सोनेरी, आत मऊ. थापलेली पिठल्याची वडी भट्टीत खरपूस करावी तशी लागते, फक्त फोडणी नाही. आमची कडक बहीण पहिला घास घेऊन गप्प बसली आणि मग म्हणाली, "अगं, हे तर आपलंच आहे, यांना कुणी सांगितलं?" कुणी सांगायला नको, हरभरा भूमध्य समुद्राकाठी फार जुना. वर मिरपूड मागून घ्या. नीसमध्ये जुन्या गावाच्या गल्ल्यांत कागदावर मिळते, जेनोआत बंदराजवळच्या कमानींखाली आणि जुन्या गावातल्या भट्टीच्या दुकानांत. परात निघण्याची वाट बघत रांग लागते. थंड झालेला तुकडा दिला तर घेऊ नका, पुढच्या परातीसाठी थांबा.

जेनोआचं स्टेशन (पियात्सा प्रिंचिपे) उतरलं की दहा मिनिटांत तुम्ही जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्यांत असता. या गल्ल्यांची जरा बदनामी आहे. रात्री एकटीने फिरू नये असं आम्हाला हॉटेलवालीने सांगितलं, दिवसा काही वाटलं नाही. सकाळी सगळं गाव फोकाच्चा खातं, तेल आणि जाड मीठ शिंपडलेला चपटा मऊ पाव. इथले लोक तो कापुचिनोत बुडवून खातात. खारट तेलकट पाव, वर कॉफी! करून बघा, पटेल. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायलात तर स्वस्त, खुर्चीवर बसलात की भाव बदलतो. जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही युरो लागतात, ती फसवणूक नव्हे, तिथली रीतच आहे.

पेस्तो या गावचा. तुळशीच्या कुळातली बझिल, पाइनच्या बिया, लसूण, ऑलिव्ह तेल आणि दोन प्रकारचं चीज. पिळदार छोट्या त्रोफिये पास्त्यात फरसबी आणि बटाट्याचे तुकडे घालून देतात, पोट भरतं. कडक शाकाहाऱ्यांनी हे जाणून घ्यावं की पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. आमच्यापैकी दोघींना चाललं, एकीने त्या गावात फारिनाता आणि फळांवर दिवस काढले आणि तक्रार केली नाही.

जेनोआहून पूर्वेला रेक्को लागतं, तिथे फोकाच्चा दोन कागदासारख्या पातळ थरांचा आणि मध्ये वितळलेलं ताजं चीज. पुढच्या गाडीला तासभर होता, तेवढ्यात उरकलं.

चिंक्वे तेर्रेची पाच गावं कड्यावर टांगलेली आणि त्यांना जोडणारी गाडी जवळजवळ सगळी बोगद्यांतून. मिनिटभर प्रकाश, स्टेशन, पुन्हा अंधार. गावांचे पास मिळतात, त्यात गाडीत कितीही वेळा चढा-उतरा. कोर्निल्या वर डोंगरावर आहे, स्टेशनापासून ३८० च्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर छोटी बस. मानारोला आणि रिओमाज्जोरे यांच्यामधली 'प्रेमवाट' २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झाली होती, ती २०२४ मध्ये उघडली. तिचं तिकीट वेगळं आणि आधी काढावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये फलाटावर मुंगीला जागा नसते. मोंतेरोस्सोचे खारवलेले छोटे मासे प्रसिद्ध, त्याबद्दल मासेखाऊंनी लिहावं.

भटकी_पणती

रात्रीच्या गाडीबद्दल दोन ओळी. व्हिएन्ना-व्हेनिस नाइटजेटने गेले. सहा बर्थचा डबा, चादर-उशी मिळते, सकाळी दोन पाव, लोणी, जॅम आणि कॉफी. एका रात्रीचं हॉटेल वाचलं, झोप अर्धवट. पण व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की खाली थेट ग्रँड कॅनॉल. रस्ता नाही, रिक्षा नाही, पाणीच. झोपेचं काय घेऊन बसलात!

माशेल

मासेखाऊ आला! मी गोव्याचा, त्यामुळे लिस्बनला जाणं म्हणजे एका अर्थी जुना हिशेब बघायला जाणं.

लिस्बनमध्ये कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेआड 'शामुसा' ठेवलेला दिसेल. आपलाच सामोसा, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने तिथे पोहोचलेला. १९६१ नंतर काही गोवेकर कुटुंबं पोर्तुगालला गेली आणि १९७५ च्या सुमारास मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथलीही बरीच आली. त्यांची हॉटेलं आजही आहेत. मी शाकुती आणि बेबिंका तिथे मुद्दाम खाल्लं. शाकुतीत खोबरं आमच्या घरच्यापेक्षा कमी भाजलेलं होतं, आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "तुला जेवायला तिथे जायला कुणी सांगितलं होतं?" विंदालूचं मूळ तर पोर्तुगीज लसूण-वाइनच्या मांसातच आहे. तिथे मिरची नसते. गोव्याने ती घालून उपकार केले, हे माझं वैयक्तिक मत.

बकाल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. दुकानात लाकडी फळ्यांसारखे रचलेले असतात. वास ओळखीचा. पावसाळ्याची बेगमी केलेल्या घरात वाढलेल्या माणसाला तो अजिबात खटकत नाही. बटाटा, कांदा, अंड्यात परतलेला 'आ ब्राश' हा प्रकार पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी सगळ्यात सोपा. जूनमध्ये संत अंतोनीच्या सणाला, १२ तारखेच्या रात्री, जुन्या वस्तीत दारोदारी सार्डिन भाजतात. धूर, गाणी, पावावर ठेवलेला मासा. पावाला माशाचं तेल लागतं आणि तो पावच शेवटी सगळ्यात चांगला लागतो.

गाडी : लिस्बनहून पोर्तोला साधारण तीन तास. पोर्तोला कांपान्यां स्टेशनावर उतरून लोकलने एक स्टेशन पुढे साव बेंतूला या, चालत जाऊ नका. साव बेंतूच्या दालनात निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या सुमारे २०,००० फरशा आहेत, झोर्झे कुलासू या चित्रकाराच्या. लढाया, राजे, गाडे, द्राक्षांची तोडणी. तिकीट काढायला आलेला माणूस मान वर करून उभा राहतो आणि गाडी चुकते. तिथून दोरू नदीच्या खोऱ्यात जाणारी लाइन धरा, पिन्यांवपर्यंत तरी. जाताना उजव्या बाजूला बसा. अर्ध्या वाटेनंतर नदी रुळांना येऊन भिडते आणि समोरच्या डोंगरांवर द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्या. पिन्यांवच्या स्टेशनातही फरशांची चित्रं आहेत.

कस्टर्डच्या वाट्या (पाश्तेल द नाता) लिस्बनच्या बेलें भागात १८३७ पासून विकतात, रांग लांब पण भराभर सरकते. दालचिनी स्वतः भुरभुरायची. माद्रिदहून लिस्बनला थेट गाडी मिळेल असं गृहीत धरू नका. मी शोधलं तेव्हा नव्हती, मधे बदलत जावं लागत होतं.

सांजवेळ

पॅरिसला गणपतीच्या दिवसांत होते आणि घरची आठवण येऊन जीव कासावीस झाला होता. गार द्यू नोर स्टेशनाच्या मागे दहा मिनिटांवर ला शापेल ही श्रीलंकन तमिळांची वस्ती आहे : भाजी, केळीची पानं, कढीपत्ता, डोसे. तिथल्या गणेशमंदिराचा रथ दरवर्षी ऑगस्टअखेरच्या किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी निघतो. रस्त्यात नारळांचे ढीग रचतात आणि रथ आला की फोडतात. पॅरिसचा डांबरी रस्ता नारळाच्या पाण्याने चपचपीत. ढोलताशा नाही, नादस्वरम्, पण मी 'मोरया' ओरडून घेतलं. फ्रेंच पोलिसाने स्मितहास्य केलं.

स्टेशनांचा धागा आहे म्हणून सांगते, ओर्से म्युझियम हे मुळात रेल्वे स्टेशन. १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलं, पण गाड्या लांब होत गेल्या आणि फलाट आखूड पडले. १९८६ पासून तिथे चित्रं आहेत. वरच्या मजल्यावरच्या प्रचंड घड्याळाच्या काचेतून नदी दिसते. गार द लियोंमधलं १९०१ चं 'ल त्रँ ब्लू' हे उपाहारगृह छतावरच्या चित्रांसाठी बघण्यासारखं. जेवण महाग, आम्ही नुसती कॉफी घेऊन छत बघितलं.

कोकणकडा

झुरिकला नोकरीनिमित्त राहतो, तेव्हा पाहुण्यांना फिरवण्याचा दांडगा अनुभव आहे. आलेल्या प्रत्येकाला युंगफ्राउयोखच हवं असतं. ३,४५४ मीटरवरचं स्टेशन, १९१२ चं, खरोखर अचाट काम. वर भारतीय जेवणाचं हॉटेलही आहे. आधी मी त्याची टर उडवायचो, पण गोठलेल्या बोटांनी गरम डाळ-भात खाणाऱ्या मामींचा चेहरा बघितल्यापासून बंद केलं.

तरी माझं ऐकाल तर कूरहून तिरानोला जा. बर्निना एक्सप्रेस नावाच्या काचेच्या गाडीला आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या गाड्या दिवसभर धावतात, वाटेत एकदा बदलावी लागते, आरक्षण नको, आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटोत काचेचं प्रतिबिंब येत नाही आणि मधल्या स्टेशनावर उतरून पुढच्या गाडीने जाता येतं. ६५ मीटर उंचीचा लांडवासरचा वळणदार पूल संपतो तो थेट बोगद्याच्या तोंडात. ओस्पित्सिओ बर्निना २,२५३ मीटरवर, आणि तिथून रुळांमधल्या दात्यांच्या पट्टीशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते. ब्रुझिओला दगडी कमानींवर गोल फिरून स्वतःच्याच खालून जाते. तिरानोत तर चक्क रस्त्यावरून, चर्चच्या अंगणासमोरून.

तिरानो इटलीत, म्हणजे जेवण स्विस भावाच्या निम्म्यात. पित्सोक्केरी मागवा : कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, कोबी, बटाटा, स्थानिक चीज आणि लसूण घातलेलं कढवलेलं लोणी. जड प्रकार आहे, परतीच्या गाडीत सगळे झोपतात.

झुरिकमध्ये हिल्टल हे शाकाहारी हॉटेल १८९८ पासून चालू आहे. जगातलं सगळ्यात जुनं शाकाहारी रेस्तराँ म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. बुफे वजनावर, तेव्हा भाताचा डोंगर रचू नका. स्विस फाँड्यूत (वितळलेलं चीज, त्यात पाव बुडवून खायचा) वाइन असते, चालत नसेल तर रोश्टी (किसून परतलेला बटाटा) घ्या, पण त्यात बेकन नको असं सांगून. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पितात, जिथे पिऊ नये तिथे पाटी असते.

भरडधान्य

विद्यार्थी, खिसा फाटका. नेदरलँड्समध्ये द हेगला सूरिनामी रोटी खा. १८७३ मध्ये लल्ला रूख जहाजाने कलकत्त्याहून सूरिनामला नेलेल्या मजुरांच्या वंशजांचं जेवण : डाळ भरलेली रोटी, बटाटा, लांब शेंगांची भाजी, हवं तर चिकन. एका पुड्यात दोघं जेवतात. बेल्जियममध्ये अँटवर्पचं स्टेशन (१९०५) बघायला उतरलो आणि पुढची गाडी सोडून दिली, चार पातळ्यांवर सगळं. बाहेर दोनदा तळलेले बटाटे कोनात. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशभर बस-ट्राम-गाडी फुकट (फर्स्ट क्लास सोडून).

गवती_चहा

वा! कोकणकडा, मामींना नमस्कार. एक प्रश्न व्यनितून (खासगी निरोपातून) आलाय, इथेच विचारते : सत्तरीची सासू, मधुमेह, वेळेवर जेवण हवं, प्रागहून बर्लिनला जायचंय, गाडीत काय मिळेल?

नाना_पेठ

प्राग-बर्लिन गाडीला बहुतेक वेळा चेक उपाहार डबा असतो आणि तिथे खरोखर स्वयंपाक होतो, पाकीट गरम करून देत नाहीत. नळाची बिअरही मिळते, पण ती सासूबाईंच्या मुलासाठी. शाकाहारी असतील तर सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. पदार्थ बदलत असतात, म्हणून पोळी-भाजीची गुंडाळी आणि सुकामेवा पिशवीत असू द्या, गाडीत स्वतःचं खाल्लं तर कुणी हरकत घेत नाही. उजवीकडची खिडकी घ्या, ड्रेस्डेनपर्यंत नदी त्या बाजूला आहे. आणि बर्लिनला रविवारी पोहोचत असाल तर किराणा दुकानं बंद असतात. मुख्य स्टेशनातली उघडी असतात, दूध-फळं तिथेच घेऊन मग हॉटेल गाठा.

सांजवेळ

बर्लिनहून पुढे पॅरिस असेल तर : ओर्से सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी.